मदत हवी आहे: क्यूटीएससाठी (इंग्लंडमध्ये पात्र शिक्षक असल्याचा अधिकृत दर्जा) अर्ज करायचा आहे, पण जुनी शाळा बंद झाली आहे

बाहेर जाऊन शिकवायचं डोक्यात फार वर्षांपासून आहे. बी.एस्सी., बी.एड. आहे, विषय विज्ञान, आठवी ते दहावी. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतातल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करायची सोय केली आहे. ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी ती आहे, त्यामुळे विषयाचा प्रश्न नाही.

अडलंय ते अनुभवाशी. बी.एड.नंतर किमान एक शालेय वर्ष शिकवल्याचा पुरावा लागतो आणि तो शाळेकडून पडताळतात. माझा सगळा अनुभव एकाच शाळेतला, आणि ती आता बंद झाली आहे. ईमेल उडाला, फोन लागत नाही. संस्थेच्या जुन्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, ते तसंच परत आलं. निवृत्त मुख्याध्यापिका मदतीला तयार आहेत, पण त्यांच्याकडे फक्त स्वतःचा जीमेल. माझ्याजवळ नेमणूकपत्र, सही-शिक्क्याचा अनुभवाचा दाखला, पगारपत्रकं आणि पीएफचा उतारा आहे. सध्या क्लासमध्ये शिकवते, तो अनुभव धरतील असं वाटत नाही.

एजंट नको आहे. क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे, स्पॉन्सर करणारी शाळा वेगळी शोधावी लागते, हे माहीत आहे. दुबई-कतार सध्या सुचवू नका.

बंद पडलेल्या शाळेचा अनुभव दाखवून कोणाला क्यूटीएस मिळालं आहे का? मुख्याध्यापिकांचा वैयक्तिक ईमेल आणि पीएफचा उतारा एवढ्यावर भागलं, की आधी दुसऱ्या शाळेत वर्षभर नोकरी करूनच अर्ज करावा?