आई-बाबांसाठी घरी मदतनीस ठेवताना: तुमचे अनुभव सांगा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याला या श्रावणात दोन वर्षं होतील. घरी आणताना हातात डिस्चार्जचा कागद होता. त्यावर गोळ्यांच्या वेळा होत्या, टाके कधी काढायचे तेही होतं. रात्री तिला बाथरूमला कोण नेणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दोन वर्षांत आमच्याकडे चार जणी आल्या. पहिल्या तिघींना आम्ही नावं ठेवली. आता कळतं की त्यांना आम्ही काम सांगितलंच नव्हतं. "आईकडे बघा" एवढंच म्हणालो आणि कामाला निघून गेलो. चौथ्या मावशी आल्या तेव्हा बहिणीने एक कागद फ्रिजवर लावला. त्यावर लिहिलं, आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. कमोड खुर्चीचे ब्रेक लावल्याशिवाय बसवायचं नाही. आणि खाली ठळक अक्षरात, मावशींची नसलेली कामं: धुणं, भांडी, पाहुण्यांचा चहा. त्या मावशी अजून आमच्याकडे आहेत.

तुमच्याकडे माणूस कसं मिळालं, काय चुकलं, रात्रीचं काय केलंत, पैसे कसे ठरले, जे घडलं ते लिहा. मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोची आणि माणसांची नावं मात्र नकोत.

पुण्याहून, वडिलांना पार्किन्सन

ब्युरोने एक महिन्याचा पगार कमिशन म्हणून आगाऊ घेतला आणि 24 तासांची बाई दिली. आम्ही धरून चाललो की 24 तास कोणीतरी जागं आहे. बाबा रात्री तीन-चारदा उठायचे. एका पहाटे ते एकटेच उठले, मोरीपाशी पडले, कपाळाला सहा टाके पडले. मावशींना जाग आली नव्हती. मी त्यांना फार बोललो.

दुसऱ्या दिवशी बायकोने हिशेब मांडला. आदल्या आठवड्यात मावशींना सलग अडीच तासांच्या वर झोप एकदाही मिळालेली नव्हती. मी माफी मागितली, पण त्या महिनाअखेरीस गेल्या. आता सकाळी 8 ते रात्री 8 एक ताई येतात आणि रात्री मी आणि भाऊ आलटून पालटून बाबांच्या खोलीत झोपतो.

पार्किन्सनवाल्यांसाठी एक सांगतो. लेव्होडोपाची गोळी वेळेवर म्हणजे अगदी वेळेवर लागते, जेवणात मिसळून चालत नाही. आमच्या डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास सांगितली आहे. "नाश्ता झाला की देते" असं नवीन माणूस चांगल्या मनानेच म्हणतं, आणि मग बाबांचा अर्धा दिवस ताठरण्यात जातो. आम्ही ताईंच्या मोबाईलमध्ये चार गजर लावून दिलेत.

सातारा जिल्ह्यातून, वडिलांना अर्धांगवायू

आमच्या गावात ब्युरो वगैरे काही नाही. वडील एस.टी.त चालक होते, निवृत्तीनंतर पाच वर्षांनी उजवी बाजू गेली. आई थकलेली आणि बाईमाणसाकडून आंघोळ करून घ्यायला वडील काही केल्या तयार नव्हते. सुनेसमोर तर चादरसुद्धा बाजूला करू द्यायचे नाहीत. सगळे त्यांना हट्टी म्हणायचे. मला तो हट्ट वाटला नाही. तेवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती.

शेजारच्या गावात एक मामा आहेत, दवाखान्यात वॉर्डबॉय होते. त्यांना विनवून आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची चूक दाखवली. आम्ही वडिलांना काखेत हात घालून उचलत होतो. लुळ्या बाजूचा खांदा असा ओढला तर सांधा सैल होऊ शकतो आणि दुखणं मागे लागू शकतं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. मामा कमरेला रुंद पट्टा बांधायचे, स्वतःचा गुडघा वडिलांच्या लुळ्या गुडघ्याला टेकवायचे आणि म्हणायचे, "चला मास्तर, डबल बेल!" वडील उठायचे. चार महिने बोलणं जवळजवळ बंद होतं, त्या माणसाच्या तोंडून पहिला स्पष्ट शब्द आला तो "डबल".

भरवतानाही मामा त्यांना ताठ बसवायचे, हनुवटी जरा खाली, आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ द्यायचे नाहीत. त्याआधी आम्ही लोडाला टेकवून पेज पाजत होतो आणि रोज ठसका लागत होता.

फोंड्याहून, थोडक्यात

एअर मॅट्रेस आणली म्हणून आम्ही निर्धास्त झालो आणि आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवणं सुटलं. त्यात गादी ओली होऊ नये म्हणून वर दुपटी घातली होती, मग त्या हवेचा उपयोग तो काय! माकडहाडावर लाल डाग दिसला, बोटाने दाबला तरी पांढरा होत नव्हता. काम करणाऱ्या मुलीने तो दोन दिवस आधी पाहिला होता, पण आपल्यावरच येईल म्हणून बोलली नाही. जखम भरायला अडीच महिने लागले. तिला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं की काही दिसलं तर सांग, तुला कोणी रागावणार नाही.

न्यू जर्सीहून, आई ठाण्यात, डिमेन्शिया

मी लांब आहे, तेव्हा माझा अनुभव बराचसा फोनवरचा. आईने मावशींवर बांगड्या चोरल्याचा आळ घेतला. मी इथून रात्री दोन वाजता ब्युरोला फोन केला. बांगड्या तिसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडल्या, आईनेच ठेवल्या होत्या. या आजारात असे आळ अनेकदा येतात, हे मला नंतर समजलं. मावशींना मात्र ते आधीच माहीत होतं. तरी त्या रडल्या.

दुसरी चूक माझीच. न सांगता कॅमेरा बसवला. त्यांना कळल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, मी त्याच खोलीत कपडे बदलते." मी तो काढला. आता कॅमेरा फक्त हॉलमध्ये आहे, त्यांना दाखवून बसवलेला. पोलीस पडताळणी मात्र जरूर करा. ब्युरोकडे आधारची झेरॉक्स असते, तिला पडताळणी समजू नका. भावाने पोलीस ठाण्यात अर्ज देऊन रीतसर करून घेतली, मावशींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी आई फार अस्वस्थ होते, "मला माझ्या घरी सोडा" म्हणते. मावशी आता अंधार पडायच्या आधीच सगळे दिवे लावतात आणि तिच्यापुढे मेथीची जुडी ठेवतात. आई निवडत बसते. कधी पानं टाकते आणि देठं ठेवते. मावशी नंतर गुपचूप पुन्हा निवडतात.

नाशिकहून

मी दुसऱ्या बाजूने लिहितेय. माझी आई हे काम करते, मी सातवीत होते तेव्हापासून. माझं डी.एड. त्याच पैशातून झालं.

घरचे ब्युरोला रोजचे 800 देतात, आईच्या हातात 600 येतात. एका घरात तिचा कप वेगळा होता, खिडकीत ठेवलेला. त्या घरच्या आजींचं सगळं अंग आई पुसायची आणि त्याच हातचा चहा त्यांना चालायचा नाही. दुसऱ्या एका घरात तिला झोपायला स्वयंपाकघरातली फरशी होती, डिसेंबरात. ती तक्रार करत नाही, म्हणून मी लिहितेय.

पेशंट गेला की काम गेलं. एका आजोबांचं तिने तीन वर्षं केलं. ते पहाटे गेले, तोंडात पाणी तिनेच घातलं, आणि दुपारी तिला पिशवी भरायला सांगितलं. घरी येऊन दोन दिवस ती जेवली नाही. त्यानंतरच्या घरातली आजी गेली तेव्हा त्यांच्या सुनेने तेराव्याला बोलावलं, पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि आजींचं एक इरकल तिला दिलं. ते तिने अजून नेसलेलं नाही. माझ्या लग्नात नेसणार म्हणते.

पुन्हा मी, धागा काढणारी

नाशिकचं वाचून आज मावशींना विचारलं की दिवाळीला गावी जायचंय का. दोन वर्षांत मी हे कोणालाच विचारलं नव्हतं. त्यांचा भाऊ परांड्याला असतो. भाऊबीजेपर्यंतचे पाच दिवस मी रजा टाकली आहे. आईला उठवून बसवायचं कसं, ते त्या मला उद्यापासून रोज सकाळी शिकवणार आहेत.