झाकण मिटलं की लॅपटॉपने झोपावं, एवढीच अपेक्षा

पेंगुळगाडा:
काल हिंजवडीहून कोथरूडला येताना बसमध्ये शेजारचे काका म्हणाले, "अहो, तुमच्या बॅगेत काहीतरी घरघरतंय." पंखा! झाकण मिटून तास उलटला होता. घरी येईस्तो दोन तास गेले (वाकडला काय होतं ते सांगायला नको). बॅग उघडली तर लॅपटॉप तव्यासारखा आणि ८० टक्के बॅटरी ३४ वर. उबुंटू २४.०४ (लिनक्सचाच एक प्रकार), मशीन नवं. लिनक्सने आधी झोपायला शिकावं, मग नव्या थीम दाखवाव्यात.

ग्रबचा_गुंता:
राग बरोबर, पत्ता चुकला. पूर्वी एस-थ्री स्लीप असायची: रॅम जिवंत ठेवण्यापुरती वीज, बाकी सामसूम. आता कित्येक नव्या मशीनच्या फर्मवेअरमध्ये (कंपनीने मशीनमध्येच भरलेलं मूळ सॉफ्टवेअर) एस-थ्री दिलेलीच नसते. त्याजागी एस-टू-आयडल, म्हणजे प्रोसेसर झोपत नाही, पेंगतो. कोणी चिमटा काढला की जागा. विंडोजवाल्यांच्या बॅगाही तापतात, तिकडे त्याला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. '/सिस/पॉवर/मेम_स्लीप' फाइल बघा. त्यात 'डीप' (म्हणजे एस-थ्री) असेल तर बूट पॅरामीटरमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्सला द्यायच्या सूचना) 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' टाका.

पेंगुळगाडा:
बघितली. एस-टू-आयडल एकटंच बसलंय. म्हणजे दोष फर्मवेअरचा, पंखा माझ्या मांडीवर. आणि मुळात ही फाइल मी का उघडायची? फ्रिज घेतल्यावर कॉम्प्रेसरची वायरिंग तपासतो का आपण?

अर्धा_कप:
हायबरनेट करा आणि सुटा. रॅममधलं सगळं डिस्कवर, वीज शून्य. सिस्टमडीत (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) 'सस्पेंड-देन-हायबरनेट' आहे, आधी डुलकी, मग गाढ झोप.

शटडाउन_आजोबा:
सांगायला काय जातं! उबुंटूची स्वॅपफाइल (रॅममधलं डिस्कवर ठेवायची जागा) १६ जीबी रॅमला पुरत नाही. ती वाढवा, मग ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) 'रिझ्यूम' आणि 'रिझ्यूम_ऑफसेट', म्हणजे त्या फाइलचा डिस्कवरचा पत्ता, लिहा. ऑफसेट चुकला की सकाळी कोरं डेस्कटॉप. सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर कर्नल लॉकडाउन, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची सुरक्षा-कडी, हायबरनेट करूच देत नाही. फेडोरात (हाही लिनक्सचाच प्रकार) आवृत्ती ३३ पासून स्वॅप झीरॅमवर, म्हणजे रॅममध्येच. वीज गेली की तीही गेली. मी सरळ बंद करतो. एसएसडी आल्यापासून चहाला आधण ठेवेपर्यंत मशीन तयार.

अर्धा_कप:
आजोबा, तुमचं मशीन चालू होतं, पण अर्धवट डिबगिंग, तीन टर्मिनल आणि चाळीस टॅब कोण आणून देणार? एकदा तासभर खपून सेटअप केला, दोन वर्षं बिनबोभाट चालूय.

शटडाउन_आजोबा:
तुमचा तासभर. माझ्या मेव्हण्याचा रविवार गेला होता.

ग्रबचा_गुंता:
मूळ प्रश्न राहिला. पेंगुळगाडा, यूएसबीला काही लावलेलं होतं का?

पेंगुळगाडा:
वायरलेस माऊसचा डोंगल. कायमचा तिथेच असतो.

ग्रबचा_गुंता:
आणि माऊस?

पेंगुळगाडा:
बॅगेत... चालूच.

ग्रबचा_गुंता:
घ्या! असे बरेच डोंगल स्वतःला कीबोर्डही म्हणवतात आणि कीबोर्डला मशीन उठवायची परवानगी असते. प्रत्येक खड्ड्याला माऊस हलतो, लॅपटॉप उठतो, झाकण बंद दिसलं की पुन्हा झोपू लागतो, तोवर पुढचा खड्डा. आणि आपले रस्ते...

पेंगुळगाडा:
आज डोंगल काढून निघालो. ७९ चे ७५ झाले, पंखा गप्प. तरी धाग्याचं नाव बदलणार नाही. झाकण मिटलेलं असताना माऊसचं ऐकायचंच कशाला?