'सेफगार्डिंग'ला मराठीत काय म्हणावे? (जात्यावरच्या ओव्यांच्या निमित्ताने)

शब्दसाखळी: जात्यावरच्या ओव्या नोंदवणाऱ्यांसाठी पुस्तिका मराठीत करतेय. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारशाच्या करारातल्या 'सेफगार्डिंग'पाशी अडलेय. कलम २ प्रमाणे ओळख पटवणे, दस्तऐवजीकरण, संशोधन, प्रिझर्व्हेशन, प्रोटेक्शन, प्रसार, पुढच्या पिढीला देणे, पुनरुज्जीवन हे सगळे त्याच्या पोटात येते. मोठ्या शब्दाला 'जतन' दिला तर प्रिझर्व्हेशनला काय द्यायचे? 'संरक्षण' दिला तर प्रोटेक्शन उघडे पडते.

परवल: 'संरक्षण' मुळीच नको. किल्ल्याला संरक्षण देता येते, ओवीला कुंपण कसे घालणार? 'संवर्धन' घ्या. वृध् म्हणजे वाढणे. गाणाऱ्या वाढल्या तरच ओवी टिकेल.

मात्रा: संवर्धन आधीच गुंतलाय. वास्तू आणि चित्रांची दुरुस्ती करणारे तो कॉन्झर्व्हेशनसाठी वापरतात, आणि तिथे तर पदरची भर घालायचीच नसते. 'जतन'च मोठ्या अर्थाने घ्या. तो 'यत्न'वरून आलाय. मुळात खटपट, बरणीत घालून ठेवणे नव्हे. प्रिझर्व्हेशनला 'परिरक्षण' आहेच.

परवल: 'परिरक्षण' कोशात आहे, तोंडात नाही. जिची ओवी नोंदवायची तिला संमतीपत्रातले शब्दच कळले नाहीत तर सही घेऊन काय मिळवले? राखणे म्हणा, सांभाळणे म्हणा.

दळणकांडण: संमतीपत्राचा मुद्दा पटला. शब्द कोणताही घ्या, पण जतन कशाचे करायचे ते पुस्तिकेत नीट येऊ द्या. बाईला नुसते बसवून 'म्हणा ओवी' सांगितले की लय बदलते. खुंट्याच्या फेऱ्याबरोबरचा हेलकावा जातो, वैरण घालताना पडणारा विसावा जातो. म्हणून जाते हवेच, आणि त्यात धान्य हवे. रिकामे फिरवले तर दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो, टाकीही, म्हणजे दगडाला मारलेल्या खाचाही, झिजते.

दोन मायक्रोफोन ठेवा, एक गाणारीच्या छातीशी, दुसरा जात्याकडे, आणि ट्रॅक वेगळे. एकाच मायक्रोफोनवर घरघर शब्दांना खाते. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फोनवर करणार असाल तर गोंगाट गाळणारी सोय आधी बंद करा. ती घरघर कापायला जाते आणि ओळीच्या शेवटचे 'गं', 'बाई' सोबत नेते. लिहून घेताना 'पानी'चे 'पाणी' करू नका. गळा कोणता, ओवी कुणाला उद्देशून आहे, कुणाकडून शिकली, कोणती ओवी बाहेर जाऊ द्यायची नाही, हे त्याच बैठकीत विचारा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या लाखावर ओव्यांच्या संग्रहाचे मोल मला यात वाटते की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही राहिले.

चौकस: वैरण म्हणजे गुरांचा चारा ना?

दळणकांडण: तोही. जात्यात मूठमूठ दाणे सोडणे म्हणजे वैरणे. दोन्हीकडे घास भरवणेच.

मात्रा: 'गळा'ऐवजी 'चाल' लिहा, सगळ्यांना कळेल.

दळणकांडण: गाणाऱ्या बायका गळा म्हणतात. त्यांचा शब्द काढला तर नोंद अपुरी राहते.

परवल: मग तोच न्याय 'परिरक्षण'ला लावा!

शब्दसाखळी: आणि 'पुढच्या पिढीला देणे' याला काय? 'संक्रमण' रोगाचे वाटते, 'हस्तांतरण' सातबाऱ्याचे.

मात्रा: संप्रदाय. सम् + प्र + दा, हातोहात पुढे देणे हाच मूळ अर्थ. आज पंथ असा अर्थ रुळलाय म्हणून 'संप्रदान' लिहा.

परवल: ते वाचून चतुर्थी विभक्ती आठवेल. 'वसा देणे' काय वाईट आहे?

मात्रा: वसा म्हणजे व्रत. ओवी व्रत नाही. आणि जात्याचेच म्हणाल तर १२ व्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका ओवी गातात ती कांडताना. शब्दच 'कण्डन' आहे. पुस्तिका 'जात्यावरची' ठेवली तर उखळावरची ओवी बाहेर राहील.

दळणकांडण: उखळासाठी वेगळे प्रकरण करा. जात्याचा फेरा सलग असतो, मुसळाचा ठोका तुटक. त्या ठोक्याने ध्वनिमुद्रण फुटते. आधी नुसते कांडायला सांगा, सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलपर्यंत आणा, मग गाणे सुरू करा.

चौकस: मुसळाच्या टोकाला लोखंडी कडे असते, त्याला कुठे काय म्हणतात? नोंदीत तेही हवे.