हिवतापाची गोळी संधिवाताला कशी?
दादा, तुमच्या आईंना आमवातासाठी (सांधे सुजवणारा संधिवाताचा एक प्रकार) हायड्रॉक्सीक्लोरोक्विन दिलीय आणि गल्लीतले म्हणतात, ‘ही हिवतापाची गोळी, डोळे जातील.’ तेवढ्यावर बंद करू नका. आमवात आणि ल्युपसला (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) ती कित्येक दशकं दिली जाते. गुण मात्र सावकाश येतो, दोन-तीन महिने धराच. आपल्या कोल्हापुरात आठ दिवसांत फरक नाही पडला की डॉक्टर बदलतात, ते हितं चालत नाही.

डोळ्यांची भीती अगदीच खोटी नव्हे. पण ती डोस आणि वर्षांवर ठरते. रोजचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा. वजन ५० किलो आणि गोळी ४०० ची असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. सुरुवातीला एकदा डोळ्याचा पडदा तपासायचा, ५ वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (पडद्याचं स्कॅन) आणि फील्ड टेस्ट (नजर कुठवर पोचते त्याची तपासणी). नजर अधू होईपर्यंत थांबू नका, पडद्याचं नुकसान सहसा भरून येत नाही.

मळमळत असेल तर गोळी जेवणासोबत द्या (तांबड्या रश्श्यासोबत नको म्हणजे झालं!). मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरू शकते, आणि हृदयाचा त्रास असेल तर ते आधीच सांगा, ईसीजी काढतील.