अतिदक्षता विभागातील सोनोग्राफी : निवासी डॉक्टरांची तयारी कशी तपासावी?

प्रश्न

आमच्या अतिदक्षता विभागात निवासी डॉक्टरांना रुग्णाच्या खाटेजवळ हृदय, फुप्फुस व पोटाची सोनोग्राफी शिकवली जाते आणि लॉगबुकात ठरलेल्या तपासण्या भरल्या की त्यावर सही होते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०११ च्या निवेदनात मूलभूत इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, देखरेखीखालील ३० तपासण्या सुचवल्या होत्या, तर अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यकाच्या संघटनेने प्रत्येक प्रकारासाठी २५ ते ५० तपासण्या सांगितल्या आहेत. आकडा गाठूनही काही जण चाचपडतात, तर काही त्याआधीच तयार होतात. मग रात्रपाळीत एकट्याने निर्णय घेण्याची मुभा कोणत्या आधारावर द्यावी?

उत्तर १

संख्येवरून सराव किती झाला एवढेच कळते. प्रतिमा मिळवणे, ती वाचणे आणि त्यावरून रुग्णाचे काय करायचे ते ठरवणे ही तीन वेगळी कामे आहेत, आणि तिसऱ्याची परीक्षा बहुधा घेतलीच जात नाही. समजा, व्हेंटिलेटरवरील रुग्णाची ऑक्सिजन पातळी घसरते आहे आणि डावीकडे फुप्फुसाच्या आवरणाची श्वासाबरोबर होणारी सरक दिसत नाही. घाईचा डॉक्टर न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साचणे) समजून छातीत नळी घालायला निघेल. परंतु श्वासनलिकेतील नळी उजव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वसनीत उतरली, तर डावीकडे हवा न गेल्यामुळेही तिथली सरक थांबते. अशा वेळी हृदयाच्या ठोक्याबरोबर आवरणाला बसणारा बारीक हिसका, म्हणजे लंग पल्स, डॉक्टर शोधतो का, नळी किती सेंटिमीटरवर बांधली आहे ते पाहतो का, हे परीक्षकाने शेजारी उभे राहूनच पाहायला हवे. लंग पल्स दिसला, तर त्या जागी न्यूमोथोरॅक्स नाही.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे, मात्र शेजारी उभे राहणाऱ्या परीक्षकांचे मोजमाप एकसारखे असले पाहिजे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'ओसॉस' (OSAUS) ही सोनोग्राफीचे कौशल्य मोजणारी गुणपद्धती यासाठी उपयोगी पडते, कारण तिच्यात तपासणीची गरज ओळखण्यापासून यंत्राची हाताळणी, प्रतिमेची सुधारणा, पद्धतशीर पाहणी, अर्थ लावणे व नोंद करणे आणि शेवटी वैद्यकीय निर्णय असे सात मुद्दे ५ गुणांच्या श्रेणीवर तपासले जातात. आम्ही तपासणीच्या जतन केलेल्या व्हिडिओ क्लिप दुसऱ्या शिक्षकाकडून नाव झाकूनही तपासून घेतो. अर्थात, प्रोब (शरीरावर टेकवायचा यंत्राचा भाग) कोणत्या कोनात धरला होता किंवा वेदना होत असलेल्या रुग्णाशी डॉक्टर कसा वागला, हे क्लिपमध्ये दिसत नाही.

उत्तर ३

एक व्यावहारिक अडचण मांडतो. लॉगबुकातील ३० पैकी बहुतेक हृदये सामान्य असतील, तर टॅम्पोनाड (हृदयाभोवती द्रव साचून त्यावर दाब येणे) किंवा हृदयाचा फुगलेला उजवा कप्पा ओळखता येतो की नाही हे कळणारच नाही. त्यामुळे विकृती दाखवणाऱ्या क्लिपचा संग्रह परीक्षेत असावा. आपल्याकडे पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान प्रतिबंधक, कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेबाहेर नेता येत नाही, म्हणून प्रत्यक्ष परीक्षा वॉर्डातच घेण्याचे वेळापत्रक आधी ठरवावे लागते.

परीक्षेत मी एक रुग्ण मुद्दाम असा निवडतो, ज्याच्या छातीवरील पट्ट्यांमुळे पुरेशी प्रतिमा मिळणे अशक्य असते. "प्रतिमा अपुरी आहे, यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हृदयरोगतज्ज्ञांकडून इको करून घ्यावी" असे जो स्वतःहून नोंदवतो, त्याला मी रात्रपाळी देतो. जो अंधूक सावल्यांवरून हृदयाची ताकद सांगतो, त्याला लॉगबुक भरलेले असले तरी पुन्हा देखरेखीखाली ठेवतो.