इशापूर २ए१ घेतली, .३०३ चालेल का?

टेक्सासात असतो. परवा गन शोमध्ये इशापूर २ए१ (भारतात बनलेली जुनी लष्करी रायफल) उचलली, शिक्का १९६६चा. लाकडात ग्रीस इतकं मुरलंय की पुसताना तीन टॉवेल गेले, बायको वैतागली. विकणारा म्हणाला, .३०३ची गोळी चालेल. खरंय का?

— अरे बाबा, अजिबात नको! .३०३ चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश ली-एनफिल्डसारखी दिसते, पण चेंबर (गोळी बसते ती जागा) ७.६२ नाटो या वेगळ्या गोळीचं. मागची साईट (नेम धरायची पट्टी) ८०० मीटरपर्यंतच असेल बघ, तीच २ए१ची खूण. आधी गनस्मिथकडून हेडस्पेस (बोल्ट बंद केल्यावर गोळीला मिळणारी जागा) तपासून घे.

— सफाईचं सांगतो, माझी मोसिन-नागां (जुनी रशियन रायफल) आहे. लष्कराच्या जुन्या सरप्लस गोळ्यांच्या प्रायमरमधल्या (दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या) क्षारांनी नळी गंजते, म्हणून त्याच दिवशी उकळतं पाणी ओततो, मग कोरडी करून तेल.

— पाहिलं, ८००च आहे. .३०३ची पेटी परत करतो. गनस्मिथची वेळ शनिवारची मिळालीय.