कॅडिलॅक ब्रोम: १९८९ ची डेलेगन्स घेऊ की १९९० ची साधी ५.७ वाली? मदत हवी आहे

मंडळी, जुन्या अमेरिकन गाड्यांचं वेड असलेलं कोणी आहे का इथे? मी न्यू जर्सीत असतो, मागच्या चाकांवर चालणारी लांबलचक कॅडिलॅक घ्यायचं कधीपासून डोक्यात होतं, आता बायकोने हो म्हटलंय (तिचा विचार बदलायच्या आत उरकायचंय) आणि दोन गाड्यांवर येऊन गाडं अडलंय.

पहिली १९८९ ची ब्रोम डेलेगन्स, म्हणजे ब्रोमचीच आतून जास्त सजवलेली आवृत्ती. आत बसलं की उठावंसंच वाटत नाही, बटणं मारलेल्या गुबगुबीत मरून सीट्स, सगळं झकास. पण इंजिन ओल्ड्समोबाइलचं ३०७, म्हणजे ५ लिटर व्ही८ असूनही १४० हॉर्सपॉवर आणि वर कार्ब्युरेटर. चालवून बघितली, हायवेला मर्ज होताना पाय पूर्ण दाबला तरी बाई आपल्याच तालात.

दुसरी १९९० ची, साधं ट्रिम (आतली सजावट), सीट्स ठीकठाक, पण मालक म्हणतो शेव्हरोलेचं ५.७ लिटरचं इंजिन आहे, फ्युएल इंजेक्शनवालं, १७५ हॉर्सपॉवर. शिवाय एबीएस. एक विचित्र म्हणजे सीटबेल्ट दारालाच लावलेले, दार उघडलं की बेल्टही बाहेर!

दोन्ही १८ फुटांच्या वर, गॅरेजमध्ये कशाबशा मावतील. तर प्रश्न असा, की डेलेगन्सला नुसतं सीट्स आणि बॅजचे जास्त पैसे द्यायचे का? आणि ५.७ खरंच आहे हे कसं ओळखायचं, मला तर बॉनेट उघडल्यावर एअर फिल्टरचा डबाच दिसतो.

प्रतिसाद १:
व्हिन नंबरातलं (गाडीचा ओळख क्रमांक) आठवं अक्षर बघा. वाय असेल तर ३०७, ७ आकडा असेल तर ५.७. विकणाऱ्याचं ऐकू नका, ते फोनवरच मागून घ्या. ट्रिम आणि इंजिन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, डेलेगन्स म्हणजे आतली सजावट, तिने गाडी जोरात पळत नाही. ५.७ टोइंग पॅकेजबरोबर (मागे ट्रेलर ओढायची सोय) यायचं, त्यामुळे साध्या गाडीतही सापडतं. मी असतो तर ५.७ घेतली असती, गिअरबॉक्सही दणकट ७००आर४ आहे. पण त्याआधी व्हायनिलचं छप्पर, मागच्या काचेच्या खालच्या कडेला बोटाने दाबून बघा, आत कुरकुर वाजलं तर गंज, मग दोन्ही सोडा. बंपर आणि बॉडीच्या मधल्या प्लास्टिकच्या पट्ट्याही बघा, त्या बिस्किटासारख्या तुटतात.

प्रतिसाद २:
शर्यत लावायचीय का ब्रोम घेऊन? ३०७ शांत इंजिन आहे, कार्ब्युरेटर नीट लावणारा म्हातारा मेकॅनिक जवळपास असेल तर बिनधास्त डेलेगन्स घ्या. असली गाडी आत बसायलाच घेतात हो.

धागाकर्ता:
धन्यवाद दोघांना! व्हिन मागवला, आठवा आकडा ७ आहे, म्हणजे माणूस खरं बोलतोय. छप्पर शनिवारी जाऊन दाबतो. अजून एक, पहिली गाडी कारखान्यातूनच डेलेगन्स निघाली की कोणी नंतर सीट्स आणि बॅज लावलेत, हे डिकीतल्या ऑप्शन कोडच्या स्टिकरवरून कळेल ना? स्टिकरचा फोटो आहे माझ्याकडे, त्यातला नेमका कुठला कोड बघायचा?